बारा महिने, बारा पुस्तके आणि एक किनारा

वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी तासभर बसावे. माणसांची जितकी पारख तिथे होते तितकी लग्नाच्या मांडवातही होत नाही. एक गृहस्थ येतात, ते गेली वीस वर्षे ऐतिहासिक कादंबरीखेरीज काही नेत नाहीत. दुसरे रहस्यकथांचे भोक्ते. खून झाल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. एक निवृत्त तलाठी पु. ल. देशपांडे यांच्यापलीकडे पाऊल टाकायला तयार नाहीत. ते दारातून येताना दिसले की ग्रंथपाल न विचारताच त्या कपाटाकडे वळतो. शाळकरी मुलांना आपण सांगतो, 'बाळ, सगळ्या भाज्या खाव्यात.' मोठ्यांना कोण सांगणार?

आमच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा वाचनालयाच्या चालकांनी यावर एक तोड काढली. प्रौढ सभासदांसाठी त्यांनी एक वाचनसंकल्प जाहीर केला. महिन्याला एक याप्रमाणे वर्षात बारा पुस्तके वाचायची. अट एवढीच, की बाराही एकमेकांहून निराळी हवीत. जो तडीस नेईल त्याची पुढच्या वर्षाची वर्गणी माफ. आता निराळी म्हणजे कशी, हे ठरवायला यादी हवी, आणि 'बाई, तुम्ही कॉलेजात मराठी शिकवता, तुम्हीच करा' असे म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडले.

अशा याद्या बहुतेक ठिकाणी वाङ्मयप्रकारांवरून करतात. एक कादंबरी, एक नाटक, एक चरित्र, एक कवितासंग्रह, एक विज्ञानाचे, एक प्रवासवर्णन. कागदावर फार छान दिसते. पण लेखकांची नावे पुढे लिहून पाहिली की ध्यानात येते, की बाराजण एकाच शहरातले, एकाच तऱ्हेच्या घरातले आणि एकाच खिडकीतून बाहेर पाहणारे असू शकतात. ताटात बारा वाट्या, पण प्रत्येकीत वरणच. मग निराळेपण कशात धरायचे?

याचे उत्तर मला अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेने दिले. हे ऐकून हसू येईल, पण हकिकत ऐका. पूर्वी हे वेध मुंबईत कुलाब्याला घेत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, आणि त्या विजेने वेधशाळेची नाजूक उपकरणे बिघडणार हे उघड झाले. म्हणून १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभी राहिली. पण शास्त्रज्ञांनी जुनी लगेच बंद केली नाही. १९०४ पासून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. पृथ्वी तीच, चुंबकत्व तेच. पण जागा बदलली की आकडा किती बदलतो हे कळल्यावाचून जुन्या नोंदींना नव्या जोडता येत नाहीत. मला वाटले, पुस्तकांचेही असेच करावे. विषय निरनिराळे असोत वा नसोत. उभे राहण्याच्या जागा निरनिराळ्या हव्यात. आणि त्या जागा शोधायला लांब कशाला जायचे? १९८१ च्या जानेवारीत ज्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्याचा किनाराच पायाखाली घालावा. दिवाळीची सुट्टी होती. खांद्याला पिशवी अडकवली आणि एस. टी. पकडली.

सुरुवात पेणपासून केली. पेण म्हटले की लोकांना गणपतीच्या मूर्ती आठवतात आणि पोह्यांचे पापड आठवतात. मला आठवतो वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक. विष्णुभट गोडसे १८५७ साली याच तालुक्यातल्या आपल्या गावातून निघाले ते बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी झाशीतच होते. लुटले गेले, उपाशी राहिले, तरी गंगेची कावड घेऊन घरी परतले. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकिकत लिहून काढली, आणि 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये, लेखकाच्या पश्चात, वैद्यांनी प्रसिद्ध केले. वैद्यांनी त्यात फेरफार केले होते; मूळ बखरीवरून केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. सत्तावनच्या धामधुमीवर सेनापतींनी लिहिले, साहेबांनी लिहिले. पण ज्याला पोटाची आणि सोवळ्याची एकदमच काळजी आहे अशा माणसाने लिहिलेले हे एकच. यादीत पहिले नाव हे.

त्याच तालुक्यातले गागोदे हे विनोबांचे जन्मगाव. दुसरे पुस्तक म्हणून 'गीताप्रवचने' घेतले. ते धार्मिक म्हणून नव्हे, तर ते ज्या जागेवरून आले त्या जागेसाठी. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत. समोर बसलेले श्रोते कैदी. ज्यांच्या घरी पोथी आहे त्यांनीही हे पुस्तक कैद्यांमध्ये बसून वाचून पाहावे.

पेणहून वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याला लागले की उजव्या-डाव्या हाताला भाताची खाचरे आणि खाड्यांचे बांध दिसू लागतात. याच रस्त्याच्या अंगाला चरी नावाचे गाव आहे. मोटारीतून मांडव्याच्या बंगल्यांकडे धावणाऱ्यांना त्याचे नावही ठाऊक नसते. १९३३ च्या ऑक्टोबरात या गावी कुळांची सभा भरली आणि खोतांची जमीन कसायची नाही असा निर्धार झाला. संप सहा वर्षे चालला, १९३९ पर्यंत. पंचवीस गावे त्यात होती. सहा वर्षे शेत मोकळे ठेवायचे म्हणजे काय, ते ज्याची चूल शेतावर चालते त्यालाच कळेल. लोकांनी लाकूडफाटा विकला, मासे धरले, पण नांगर धरला नाही. संपाचे पुढारी नारायण नागू पाटील यांचे आत्मचरित्र आहे, 'कथा एका संघर्षाची'. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. हे तिसरे पुस्तक.

या पुस्तकाने वाचनालयात खळबळ केली. एक सभासद, खोतांच्या घराण्यातले, वयाने मोठे, मला म्हणाले, "बाई, हे आमच्या विरुद्धचे पुस्तक तुम्ही आम्हालाच वाचायला लावता?" मी म्हटले, "काका, म्हणूनच. तुमच्या बाजूचे तुम्हाला पाठ आहे." पंधरा दिवसांनी त्यांनी पुस्तक परत आणले. टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आमच्या ओटीसमोर कोण येऊन उभे राहत असे ते मला माहीत होते. अंगणात उभे राहून वर पाहताना त्यांना काय दिसत असे ते माहीत नव्हते." एवढे बोलून ते निघून गेले. त्या महिन्यात मला वाटले, की हा संकल्प केवळ वर्गणी माफ करून घेण्याचा खेळ राहिलेला नाही.

चरीहून किहीमला गेले. दाट झाडी, त्यापलीकडे वाळू, आणि वाळूपलीकडे समुद्र. १९३० च्या पावसाळ्यात इथल्या एका घरात सालिम अली राहत होते. नोकरी नव्हती. घराशेजारी सुगरणींची घरटी लोंबत होती. पडेल तो वेळ त्यांनी ती घरटी पाहण्यात घालवला, आणि सुगरण पक्ष्यातला नर एका घरट्यावर न थांबता एकामागून एक घरटी बांधतो व एकामागून एक माद्यांशी संसार थाटतो, हे त्यांनी नोंदून ठेवले. शिडी, मचाण आणि चिकाटी यांपलीकडे साधन नव्हते. त्यांचे आत्मचरित्र 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' १९८५ मध्ये आले. इंग्रजी वाचणाऱ्यांना ते द्यावे. न वाचणाऱ्यांनी पक्ष्यांवरचे कोणतेही मराठी पुस्तक घ्यावे, पण हातात पुस्तक धरून झाडाखाली बसावे. माणसांची गाऱ्हाणी वाचून थकलेल्याला हा चौथा महिना विश्रांतीचा.

किहीमवरून अलिबागकडे येताना नवगाव लागते. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत याच किनाऱ्याशी फुटले. वाचले ते इथलेच झाले. तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी काम करीत नसत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. गावांची नावे आडनावे झाली: केहिमकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. इस्रायल झाल्यावर बहुतेकजण तिकडे गेले. जाताना मराठी बरोबर घेऊन गेले. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे, प्रार्थनामंदिर आहे, मात्र प्रार्थनेला माणसे थोडी. त्या समाजाचा इतिहास हैम सॅम्युएल केहिमकरांनी लिहिला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला. पण तो अभ्यासकाने पाहण्याचा ग्रंथ. आमच्या यादीसाठी मी एस्थर डेव्हिड यांची 'बुक ऑफ रेचेल' ही कादंबरी निवडली. याच किनाऱ्यावरच्या दांडा गावात मागे राहिलेली एक म्हातारी आपल्या देवळाची जमीन राखण्यासाठी झगडते, आणि प्रकरणागणिक स्वयंपाकघरातून नारळाच्या रसाचा वास येत राहतो. २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. ज्या शेजाऱ्यांची घरे आता कुलपात आहेत त्यांच्याविषयी वाचायचे, हा पाचवा महिना.

अलिबागेस ओहोटीला कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाता येते. आंग्र्यांचा दरारा या पाण्यावर होता. इथे मला त्या तलाठीसाहेबांची आठवण झाली. मनोहर माळगावकरांनी कान्होजी आंग्र्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, ते १९५९ चे, आणि त्याचे मराठी भाषांतर कोणी केले? पु. ल. देशपांडे यांनी! सहावे पुस्तक 'कान्होजी आंग्रे' ठरले. तलाठीसाहेब आनंदाने घेऊन गेले, आणि पुढच्या खेपेस प्रथमच वाटेत न थांबता इतिहासाच्या कपाटाकडे गेले. माणसाला त्याच्या आवडीच्या बोटाला धरूनच नव्या गल्लीत न्यावे लागते.

सातवे पुस्तकही त्याच हाताने भाषांतरलेले आहे. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात जाळी पसरलेली, मासळी वाळत घातलेली, होड्या काठावर ओढून ठेवलेल्या. तिथे उभे राहून मनात आले, की कोळ्यांवर गाणी पुष्कळ, पण एकट्या होडीतल्या एकट्या माणसाचे मन दाखवणारे पुस्तक कोणते? हेमिंग्वेचा म्हातारा क्यूबाचा; पण 'एका कोळियाने' वाचताना तो रेवदंड्याच्या खाडीत सापडावा असा वाटतो. परक्या देशाचे पुस्तक यादीत हवे होते, ते असे घरचे होऊन आले.

रेवदंडा आणि चौल ही जुळी गावे. नारळी-पोफळीच्या बागांतून जाताना एकाची हद्द कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे लागली ते कळत नाही. चौल हे जुने बंदर. ग्रीक भूगोलकारांनाही ते ठाऊक होते. १४६९ च्या सुमारास इथे अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी उतरला. त्याने विकायला एक घोडा आणला होता. जुन्नरच्या खानाने तो घोडा अडकवून ठेवला आणि धर्म बदललास तर परत देतो, असे सांगितले. शेवटी घोडा सुटला, पण निकितिन देशी पोचण्यापूर्वी वाटेतच वारला. त्याची टिपणे, 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास', मागे राहिली. १९५७ साली त्यावर 'परदेसी' हा बोलपटही निघाला. इंग्रजी भाषांतर मिळते, पाने थोडी. आपण इतके दिवस परदेशी जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णने वाचली. आता आपल्या अंगणात आलेल्या परदेशी माणसाचे वाचू. आपण रोज पाहतो तेच कपडे, तीच केशरचना, तोच पावसाळा त्याला केवढा विचित्र वाटला! आठवा महिना निकितिनचा.

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, पण त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली किल्ल्याखालच्या वस्तीत अजून बोलतात. त्या बोलीवर परदेशी भाषाशास्त्रज्ञांनी ग्रंथ लिहिले. सामान्य वाचकाच्या हाती देण्याजोगे मात्र मला काही सापडले नाही. तेव्हा कोर्लईत पुस्तक घेतले नाही, नुसते ऐकत उभी राहिले.

काशीदच्या सुरूच्या बनातून मुरूड, तिथून राजपुरी. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसून जंजिऱ्याला जातात. होडीत प्रत्येक मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो: हा किल्ला महाराजांना का मिळाला नाही? उत्तर नेहमी आपल्याच काठावरून दिले जाते. डी. आर. बनाजींनी १९३२ मध्ये 'बॉम्बे अँड द सिदीज' हा ग्रंथ लिहिला. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी समुद्रात सत्ता उभी केली, मोगलांचे आरमार सांभाळले, १६८९-९० मध्ये खुद्द मुंबईच्या इंग्रजांना वेढा घालून जेरीस आणले, आणि १९४८ पर्यंत संस्थान राखले. तो ग्रंथ वाचून महाराजांविषयीचा आदर तसूभर कमी होत नाही. उलट समोरचा शत्रू केवढा होता हे कळले, की त्यांनी मांडलेल्या आरमाराची किंमत कळते. हे नववे.

आगरदांड्याहून तरीने दिघी, मग दिवेआगर, मग श्रीवर्धन. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने या पट्ट्यातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. नवे झाड लावले तरी त्याला सुपारी धरायला वर्षे लागतात. बागांमधली मोकळी जागा वादळाची आठवण देते. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचे गाव. सिद्दीशी बिनसल्यामुळे त्यांना ते सोडावे लागले, आणि १७१३ मध्ये ते पेशवे झाले. राजपुरीची खाडी ओलांडून आले की तीच हकिकत दुसऱ्या काठावरून सुरू होते. म्हणून गोविंद सखाराम सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तला बाळाजी विश्वनाथांविषयीचा भाग दहाव्या महिन्याला ठेवला, बनाजींच्या लगेच पाठीमागे. दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत. वेधशाळेतल्या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहतात तशी.

श्रीवर्धनहून म्हसळ्यावरून आत वळले आणि सावित्रीच्या काठाने महाडला आले. महाड हे समुद्रापासून दूर. पण खाडीतून गलबते वर येत, त्या अर्थी हेही किनाऱ्याचेच गाव. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी हजारो माणसांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव तीन वर्षे कागदावर पडून होता. तळ्यावरचा खटला उच्च न्यायालयात संपायला १९३७ उजाडले. महाडच्या सत्याग्रहानंतर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झाले. त्याचे अंक शासनाने पुन्हा छापले आहेत. अकरावे पुस्तक ते. पुस्तक नव्हे, वर्तमानपत्र, म्हणूनच निवडले. त्यात काही ठरून गेलेले नाही, उद्या काय होणार ते लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. मराठी गद्याला धार कशी लावतात हे शिकायचे असेल तरी ते वाचावे. आमच्याकडे एका सभासदाने विचारले, "हे त्या समाजाच्या लोकांसाठी ना?" ग्रंथपाल शांतपणे म्हणाला, "नाही हो. ज्यांनी तळे अडवले त्यांच्याचसाठी जास्त." मला त्या दिवशी वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही.

अकरा झाली आणि परतताना एस. टी.त वही उघडून बसले. लेखक मोजले. अकरांत स्त्री एक! मासळी विकणाऱ्या, मिठागरात राबणाऱ्या, पोफळीच्या बागा शिंपणाऱ्या बायांनी हा किनारा उभा केला, आणि कपाटात त्यांचे नाव नाही. त्यांनी लिहिले नाही. म्हटले मात्र पुष्कळ. सावित्रीच्या पलीकडे, दापोली तालुक्यातले पालगड हे साने गुरुजींचे गाव. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' हा संग्रह केला. बारावे पुस्तक ते ठेवले. त्याच्यापुढे कंसात एक सूचना लिहिली: हे पुस्तक घरातल्या वडीलधाऱ्या बाईसमोर मोठ्याने वाचावे, आणि तिला त्यात नसलेली ओवी आठवली तर शेवटच्या कोऱ्या पानावर नव्हे, वाचनालयाच्या वहीत लिहून द्यावी. पुस्तकावर लिहिल्यास दंड पडेल!

ती वही आता टेबलावर आहे. वर्ष संपले तेव्हा संकल्प केलेल्या अठ्ठावीस जणांपैकी बारा पुस्तके पुरी करणारे नऊ निघाले. कादंबरीवाले गृहस्थ सातव्यावर थांबले. रहस्यकथावाल्यांनी मात्र बाराही वाचली, आणि सर्वांत मोठे रहस्य चरीच्या संपात आहे असा अभिप्राय दिला. वहीत एकोणीस ओव्या जमल्या.

वाचकहो, तुमचा तालुका निराळा, तुमच्या नद्या निराळ्या. माझी यादी उचलून नेऊ नका. आपल्या गावचा नकाशा घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे आणखी कोण उभे होते, आणि त्याने काय पाहिले? पुस्तके सापडतील. काही ठिकाणी सापडणार नाहीत; तिथे एक वही ठेवा. आमच्या वाचनालयाची नवी यादी पाडव्याला लागणार आहे, आणि 'माझा प्रवास'ची प्रत एकच असल्यामुळे पाचजणांनी आत्ताच नावे नोंदवून ठेवली आहेत.